देवीनं हात धरला, पण कुणाचा?

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहते, वय ४६. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलगी यंदा बारावी झाली. तिचा पुण्याला बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागलाय आणि शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे. पण गेला महिनाभर मला पहाटे एकच स्वप्न पडतंय. वणीच्या गडाच्या पायऱ्या, खूप गर्दी. देवी शेंदरानं माखलेली, मोठ्ठे डोळे. एक मुलगी निळ्या परकर-पोलक्यात, पाठमोरी, भराभर पायऱ्या उतरत खाली एसटीकडे चाललीय. देवी तिचा हात धरते आणि मागे फिरवते. बोलत काही नाही, पण अर्थ तोच ना? मला दरदरून घाम फुटून जाग येते. लहानपणी आई दर चैत्रात गडावर न्यायची, पायी चढायचो. मुलीला मात्र दोनदाच नेलं, तेही ट्रॉलीनं. मला स्वतःला बारावीनंतर डी.एड.ला पुण्याला जायचं होतं, आईनं पाठवलं नाही. त्याचं दुःख नाही, आईच्या मनात आलं की ते खरं व्हायचं. मिस्टर म्हणतात पित्त झालंय. जाऊबाई म्हणतात सासऱ्यांचं काहीतरी राहिलंय, त्र्यंबकला नारायण नागबळी करून घ्या. ऑफिसातली ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, आमच्या बायबलमध्येही देव स्वप्नातून बोलतो, दुर्लक्ष करू नकोस. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून झोप तशीही धड नाही. देव खरंच स्वप्नातून सांगतो का? फी भरू की नको?

उत्तर :

ताई, हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत शुक्रवार उलटून जाणार होता, म्हणून "फी भरा" एवढा निरोप आधीच पाठवला होता. तो का पाठवला, ते आता निवांत सांगते.

देव स्वप्नातून बोलतो का, या प्रश्नाला मी "छे, काहीतरीच काय" असं उत्तर देणार नाही. आपल्या मातीत तसं उत्तर देणं सोपं नाही. तुकोबांनी स्वच्छ लिहून ठेवलंय : "नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां ॥" कविता कर, असं स्वप्नात सांगितलं गेलं आणि नामदेवांच्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातलं जे उरलं होतं ते पुरं करायचं काम अंगावर पडलं. गुरूही त्यांना स्वप्नातच भेटले. बाबाजींनी डोक्यावर हात ठेवला, रामकृष्णहरी मंत्र दिला आणि जेवायला पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं तुकोबा स्वप्नातच विसरले. मला हा पावशेर तुपाचा उल्लेख फार आवडतो. एवढ्या मोठ्या घटनेच्या वर्णनात माणूस तूप विसरल्याची कबुली देतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. स्वप्नं अशीच असतात, अर्धी उदात्त आणि अर्धी स्वयंपाकघरातली.

बहिणाबाईंचंही तेच. देवगावच्या बहिणाबाई, कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकून वेड्या झाल्या. भेट कधी झालेली नाही. कोवळं वय, घरात कर्मठ नवरा. त्यांना तुकोबांचा उपदेश झाला तो स्वप्नात. नवऱ्याला ते मुळीच रुचलं नाही. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानायचं म्हणजे काय! त्यानं मारहाण केली. बहिणाबाई हटल्या नाहीत.

आता या दोघांच्या स्वप्नांकडे जरा बारकाईनं बघा. तुकोबांना काम मिळालं ते तुकोबांनी करायचं होतं. त्यापायी लोकांचा रोष आला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ते सगळं त्यांनीच भोगलं. बहिणाबाईंना गुरू मिळाला तो त्यांना. "पांडुरंगानं सांगितलंय, तुम्हीही आता तुकोबांना शरण जा" असा हुकूम त्यांनी नवऱ्यावर सोडला नाही. मार खाल्ला तो स्वतः. स्वप्न एकाला आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची, असा प्रकार या कथांमध्ये मला दिसत नाही. हरिश्चंद्राचीच गोष्ट घ्या. स्वप्नात राज्य दान दिलं, तर राज्य त्याचं स्वतःचं होतं. शेजारच्या राजाचं नव्हतं.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते मी श्रद्धावान बाईला सांगावं तसंच सांगतेय : देव तुमच्याशी स्वप्नात बोलत असेल तर तुमच्याबद्दल बोलेल. तुम्ही काय करायचं ते सांगेल. तुमच्या लेकीला काही सांगायचं असेल तर त्याला तिचा पत्ता ठाऊक आहे. तीही रात्री झोपते.

यावर तुमची मैत्रीण एक जोरदार मुद्दा काढू शकेल, तो मीच काढते. बायबलच्या नव्या करारात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, मरियेचा पती योसेफ याला स्वप्नात देवदूत सांगतो की बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरला पळून जा, कारण हेरोद बाळाला मारायला टपलाय. म्हणजे बापाला स्वप्न पडलं ते लेकराबद्दलच की! खरं आहे. पण तिथेही ऊठ आणि जा असं योसेफालाच सांगितलंय, आणि तो रातोरात उठून स्वतः वाटेला लागतो. धोका कुणाकडून आहे ते नावानिशी सांगितलंय. आणि ते तान्हं मूल होतं, त्याला स्वतःचं काही ठरवता येत नव्हतं. तुमची मुलगी अठराची आहे, तिनं अभ्यास करून नंबर लावलाय. हेरोद कोण आहे, हे तुमच्या स्वप्नात कुणीच सांगितलेलं नाही. आणि त्याच बायबलमध्ये यिर्मया संदेष्टा "मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं" म्हणत लोकांना भुलवणाऱ्यांवर चांगलाच तुटून पडतो. भुसा कुठे आणि गहू कुठे, असं विचारतो. कामाच्या व्यापानं स्वप्नं पडतात, असंही उपदेशकाच्या पुस्तकात आहे. मैत्रिणीला हेही वाचून दाखवायला सांगा. तिचा हेतू चांगला आहे, पण तिनं अर्धीच बाजू सांगितली.

आता तुमचं स्वप्न. मी स्वप्नांचे अर्थ सांगणारी बाई नाही, त्या धंद्यात खूप जण आहेत. पण पत्र दोनदा वाचल्यावर तीन-चार गोष्टी डोळ्यात भरल्या.

एक तर देवी काही बोलत नाही. हे तुम्हीच लिहिलंय. "पुण्याला पाठवू नको" हे शब्द स्वप्नात नाहीत, ते जाग आल्यावर तुम्ही घातलेत. नंतर जाऊबाईंनी त्यात सासरे घातले, मैत्रिणीनं बायबल घातलं. महिन्याभरात त्या मुक्या स्वप्नाच्या तोंडी किती वाक्यं आली बघा.

दुसरं म्हणजे शेंदूर. गडावरच्या आईच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच २०२२ साली काढलं. त्या नवरात्रात मंदिर उघडलं तेव्हा लोक अठरा भुजांचं मूळ रूप बघून अवाक् झाले होते, कित्येकींना रडू फुटलं. आज गडावर जाणाऱ्याला दिसते ती देवी वेगळी आहे. तुमच्या स्वप्नात मात्र अजून जुनीच देवी येते, शेंदरानं माखलेली, आईचं बोट धरून बघितलेली. पायऱ्याही तुमच्याच लहानपणीच्या. २०१८ पासून ट्रॉली आहे आणि तुमची लेक ट्रॉलीनंच गेलीय, त्या पायऱ्यांवर ती कधी धापा टाकत बसलेली नाही. आणि निळं परकर-पोलकं? आजची अठरा वर्षांची सिडकोतली मुलगी परकर-पोलक्यात पुण्याच्या एसटीत बसेल का हो?

मग ती पाठमोरी मुलगी कोण? मला एक शंका येते, पण ती मी तुमच्या माथी मारणार नाही. डी.एड.चं ते एक वाक्य तुम्ही पत्रात घातलंत आणि लगेच "त्याचं दुःख नाही" असंही जोडलंत. प्रश्नाला त्या वाक्याची गरज नव्हती. तरी ते आलं. एकदा दुपारी घरात कुणी नसताना त्या मुलीचा चेहरा आठवून बघा. दिसला नाही तर सोडून द्या.

समजा देवीनंच स्वप्न धाडलंय असं धरलं, तरी त्यातलं सगळं सामान तुमच्या घरातलं आहे. पायऱ्या तुमच्या, कपडे तुमचे, आईचा धाक तुमचा. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे आपले लोक उगाच म्हणत नाहीत. आणि जुन्या शास्त्रांनीही स्वप्नांना सरसकट देवाचं पत्र मानलेलं नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं आणि कल्पनेतलं, ही पहिली पाच निष्फळ असतात असं वैद्यानं समजावं, हे तिथे स्पष्ट म्हटलंय. उरलं पुढचं सुचवणारं एक आणि वात-पित्त-कफ बिघडल्यानं पडणारं एक. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या पित्तालाही शास्त्राधार निघाला, पण हे त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, या समजुतीचा धागाही चरकात सापडतो. जे स्वप्न पाहून माणसाला पुन्हा झोप लागत नाही ते लवकर फळतं, असा श्लोक आहे. त्यामुळे तुमच्या मनात हे आलं तर नवल नाही. पण पहाटेचीच स्वप्नं का लक्षात राहतात, याचा उलगडा आता झालाय. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला. त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि बहुतेक ठसठशीत स्वप्नं तेव्हाच पडतात. हा टप्पा रात्रीत साधारण दर दीड तासानं येतो आणि रात्र सरत जाईल तसा लांबत जातो. पहाटे तो सगळ्यात मोठा असतो. त्यातून थेट जाग आली की स्वप्न जसंच्या तसं आठवतं. पहिल्या प्रहरी पडलेलं स्वप्न झोपेतच विरून जातं. वणीची देवी बाराच्या ठोक्याला येऊनही गेली असेल, तुम्हाला पत्ता लागला नसेल.

आता ती गोळी. तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला ते महत्त्वाचं वाटतं. बीपीसाठी देतात त्यातल्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर म्हणतात त्या गटातल्या मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल वगैरे गोळ्यांनी, काही जणांना फार स्पष्ट, भीतीदायक स्वप्नं पडतात. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, पण आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? तुमची गोळी त्याच गटातली आहे असं मी म्हणत नाही. शिवाय शेहेचाळिसाव्या वर्षी पाळी जायच्या आसपास रात्री घाम येऊन झोप मोडते, तेही असू शकतं. दोन्ही विचारून घ्या. तोवर गोळी मनानं बंद करायची नाही, हे शंभरदा सांगते.

जाऊबाईंकडे वळू. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी होतो. हे मुळात दोन विधी आहेत. नारायणबळी अपघाती, अकाली किंवा दुर्मरण आलेल्यांसाठी, आणि नागबळी नागहत्येच्या दोषासाठी, त्यात गव्हाच्या पिठाचा नाग करतात. ज्यांची श्रद्धा आहे ते जाऊन करतात, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या सासऱ्यांना असं कोणतं मरण आलं होतं, हे पत्रात कुठेच नाही. स्वप्नात नाग नाही, सासरेही नाहीत. मग या विधीचं नाव निघालं कुठून? जाऊबाईंना विचारा, रागानं नाही, सहज. बहुधा कुणाच्या तरी घरी झालेलं ऐकलं असेल. आपल्या नाशिकची ही एक खोड आहे, घरात काही बिनसलं की पंधरा मिनिटांत कुणीतरी त्र्यंबकचा रस्ता दाखवतं. घाबरलेल्या अवस्थेत खर्चाचा कोणताही निर्णय घ्यायचा नाही, मग तो पूजेचा असो की प्लॉटचा. वर्षभरानं, लेक मार्गी लागल्यावरही करावंसं वाटलं तर खुशाल करा, तेव्हा ते भीतीपोटी नसेल.

मिस्टरांना माझा निरोप : थट्टा पुरे. बायको पहाटे घामानं भिजून उठते तेव्हा तिला पित्ताची गोळी नको असते. पाणी द्या आणि दहा मिनिटं जागे राहा. त्यांनी एकदा नीट ऐकून घेतलं असतं तर हे पत्र इथवर आलंही नसतं.

लेकीला यातलं काय सांगायचं? सगळं सांगा, पण शब्द जपून. "देवी म्हणाली जाऊ नकोस" असं म्हणालात तर ती कायमची अडकली. देवीशी वाद कोण घालणार? पुण्यात साधा ताप आला तरी तिला वाटेल, आईला आधीच दिसलं होतं. तुमच्या आईनं तुम्हाला थांबवलं तेव्हा त्यांच्या मनात आलेलं खरं ठरलं असतं की नाही, हे कधी कळलंच नाही, कारण तुम्ही गेलाच नाहीत. तुम्ही मात्र अजून ते खरंच धरून चाललाय. त्यापेक्षा "मला भीती वाटते" असं म्हणा. भीतीला उत्तर देता येतं. ती म्हणेल, कसली भीती? मग तुम्हालाही कसली ते शोधावं लागेल. वॉर्डन कशी आहे, नाईट ड्युटी कधीपासून लागते आणि त्या रात्री हॉस्टेलवर परतायचं कसं, मेसचं जेवण, खोलीत किती जणी, आजारी पडली तर जवळ कोण? प्रत्येक गोष्ट विचारता येते, बघता येते. पुणं इथून सुमारे २१० किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत सकाळी निघालं की दुपारच्या आत तिथे पोचता. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एक दिवस तिघं जाऊन या. हॉस्टेलचा जिना चढा, बाथरूम बघा, वॉर्डनशी बोला, तिचा नंबर स्वतःच्या हातानं फोनमध्ये घाला. तिथे खरोखरच काही खटकलं, तर ते डोळ्यांनी बघितलेलं असेल आणि त्यावर घरात बसून बोलता येईल. तेव्हा मीही तुमच्या बाजूनं असेन.

गडावर जावंसं वाटतंय, असं पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. जा ना. ओटी भरा, आईचं नवं म्हणजे खरं तर जुनंच रूप डोळे भरून बघा. लेकीला न्या. मात्र पाठवू की नको असा कौल मागायला जाऊ नका, ते ठरलंय. ती परिचारिका व्हायला निघालीय, आजाऱ्यांच्या उशाशी रात्र काढायचं काम शिकायला. देवीनं या कामाला आडकाठी करावी असं त्यात काय आहे, मला तरी दिसत नाही.

गडावरून आल्यावरही स्वप्न पडत राहिलं तर घाबरू नका. महिनाभराची सवय एका ओटीनं सुटेलच असं नाही. उशाशी वही ठेवा, जाग आली की जेवढं दिसलं तेवढंच लिहा, अर्थ लिहू नका. शेंदूर, पायऱ्या, परकर, बस. एखाद्या दिवशी ती मुलगी वळलीच, तर मला जरूर कळवा. आणि डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. जाताना गोळ्यांची स्ट्रिप पर्समध्ये टाका, नाव तोंडी सांगायला जाल तर चुकेल. स्वप्न किती वाजता पडतं आणि गोळी किती वाजता घेता, दोन्ही सांगा. त्या दिवशी जाऊबाईंना मात्र सोबत नेऊ नका.